लाइन गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

आपल्याकडे 'लाइन गेली' याचे तीन अर्थ होतात. वीज गेली, इंटरनेट गेलं, किंवा वीज आणि इंटरनेट दोन्ही असूनही काट्यावर पावती निघत नाही. जिनिंगच्या काट्यावरचा मुलगा फोनवर सांगतो, "भाऊ, लाइन नाही, सिस्टिम चालून नाही राहिली." त्याला समोर दिसतं तेवढं तो बरोबर सांगतो. पण त्या एका वाक्यावर निघालो तर चाळीस किलोमीटरवर जाऊन कळतं की राउटरचा ॲडॉप्टर सैल होता. डेटाबेसवर नजर ठेवण्याचं पहिलं काम म्हणजे हे तीन अर्थ वेगळे करणं. आलेख, रंगीत पाट्या, टक्केवाऱ्या यांचा नंबर त्यानंतर.

समोर धरलेलं चित्र असं: यवतमाळ-वर्ध्याकडची जिनिंग, भंडारा-गोंदियाकडची राइस मिल, एखादी पतसंस्था किंवा बाजार समितीचं उपआवार. प्रत्येक ठिकाणी डेबियन लिनक्सवरचा एकच सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, एक यूपीएस, एक राउटर. वेगळा सिस्टिमवाला कोणी नाही. आणि अशा आठ-दहा ठिकाणांकडे पाहणारं एक केंद्र, जिल्ह्याच्या गावी किंवा नागपूरला. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना मूळ इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे.

ही नजर एसएनएमपीवरून ठेवायची, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना त्यांची हालहवाल विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीने. एसएनएमपीच का, हा प्रश्न आधी. हा प्रोटोकॉल १९८८ चा. १९९० मध्ये तो आरएफसी ११५७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून पक्का झाला आणि आज वापरायची तिसरी आवृत्ती २००२ ची. जुना आहे, पण यूपीएसचं नेटवर्क कार्ड, स्विच, राउटर, प्रिंटर आणि लिनक्स सर्व्हर हे सगळे एकाच भाषेत फक्त यातच बोलतात. डेटाबेससाठीही १९९४ मध्ये आरएफसी १६९७ नावाची माहिती-रचना ठरली होती. पोस्टग्रेस मात्र स्वतःहून ती बोलत नाही. म्हणून मधे एक छोटा पूल बांधावा लागतो: डेटाबेसला प्रश्न विचारणारी स्क्रिप्ट आणि तिचं उत्तर एसएनएमपीवर मांडणारा नेट-एसएनएमपीचा एजंट, म्हणजे एसएनएमपीडी.

डेबियनवर एसएनएमपीडी टाकला की सुरुवातीलाच दोन गोष्टी आडव्या येतात. एक, तो फक्त स्वतःच्याच मशीनला, १२७.०.०.१ वर, उत्तर देतो. 'एजंटॲड्रेस' या ओळीत आतल्या नेटवर्कचा किंवा टनेलचा (केंद्राशी जोडणाऱ्या खासगी वाटेचा) पत्ता घालावा लागतो. दुसरी जास्त फसवी. मूळ कॉन्फिगरेशनमध्ये 'सिस्टिमओन्ली' नावाचा व्ह्यू, म्हणजे बाहेरून काय दिसावं याची यादी, असतो आणि माहितीच्या झाडातल्या .१.३.६.१.२.१.१ आणि .१.३.६.१.२.१.२५.१ या दोनच फांद्या दिसतात. स्क्रिप्ट बरोबर, तिला एजंटशी जोडणारी 'एक्सटेंड' ची ओळ बरोबर, तरी बाहेरून विचारलं की 'नो सच ऑब्जेक्ट'. माणूस स्क्रिप्ट तपासत बसतो आणि दोष व्ह्यूमध्ये असतो. .१.३.६.१.४.१.८०७२.१.३ म्हणजे एक्सटेंडची फांदी, .१.३.६.१.४.१.२०२१ म्हणजे डिस्क, मेमरी आणि लोडची फांदी; या दोन्ही व्ह्यूमध्ये जोडायच्या. आणखी एक गोष्ट: डेबियनमध्ये परवान्याच्या कारणाने एमआयबीच्या, म्हणजे या आकड्यांना नावं देणाऱ्या, फायली सोबत येत नाहीत, त्यामुळे नावाने विचारलेले प्रश्न अडतात. आकड्यांचे ओआयडी, म्हणजे वर दिलेत तसे पत्ते, वापरले की ही कटकट कायमची संपते.

एक्सटेंडला दिलेलं नावही आकड्यांत उतरतं. 'डीबीओके' हे नाव इंग्रजीत चार अक्षरांचं; म्हणून आधी लांबी ४, मग अक्षरांचे आस्की आकडे १००, ९८, १११, १०७. उत्तराची पहिली ओळ .१.३.६.१.४.१.८०७२.१.३.२.३.१.१.४.१००.९८.१११.१०७ इथे मिळते. प्रत्येक ओळ वेगळी हवी असेल तर .१.३.६.१.४.१.८०७२.१.३.२.४.१.२.४.१००.९८.१११.१०७ याच्या पुढे ओळीचा क्रमांक जोडायचा. म्हणजे एकाच एक्सटेंडमधून दहा-बारा आकडे बाहेर काढता येतात.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. एक्सटेंडच्या ओळीत थेट पीएसक्यूएलची, म्हणजे पोस्टग्रेसला प्रश्न विचारणारी, कमांड लिहिलेली स्क्रिप्ट देणं. डेटाबेस ठणठणीत असतो तोवर ती छान चालते. पण ज्या दिवशी डेटाबेस अडकतो त्या दिवशी स्क्रिप्ट उत्तराची वाट पाहत थांबते, एसएनएमपीडी एका वेळी एकच काम करत असल्यामुळे तोही थांबतो, आणि केंद्राला त्या मशीनची डिस्क, मेमरी, नेटवर्क यांतलं काहीच मिळत नाही. डेटाबेस अडकलेला असताना केंद्रावर दिसतं 'सर्व्हर बंद'. जो फरक कळायला हवा होता तोच नेमका पुसला जातो.

म्हणून काम दोन भागांत तोडायचं. दर मिनिटाला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) एक स्क्रिप्ट चालवतो. ती डेटाबेसला विचारते आणि उत्तरं फाइलमध्ये लिहिते. एक्सटेंड ती फाइल नुसती वाचून देतो. वाचायला काही मिलिसेकंद लागतात, डेटाबेस जिवंत असो वा नसो. उत्तराची पहिली ओळ म्हणजे फाइल किती सेकंद जुनी आहे हा आकडा, आणि तो वाचताना काढायचा, लिहिताना नाही. वय १८० सेकंदांच्या वर गेलं तर स्क्रिप्ट अडकली आहे किंवा क्रॉन बंद आहे. वय उणे आलं तर घड्याळ मागे गेलं आहे. ते पुढे येईलच.

या लिहिणाऱ्या स्क्रिप्टचे काही नियम कधी सोडू नयेत. प्रत्येक पीएसक्यूएल कॉल 'टाइमआउट १०' च्या आत गुंडाळायचा आणि पीजीकनेक्ट_टाइमआउट ५ ठेवायचा. संपूर्ण स्क्रिप्ट 'एफलॉक' च्या 'एन' पर्यायाखाली चालवायची, म्हणजे एका वेळी एकच प्रत चालते; नाहीतर अडकलेल्या डेटाबेसवर दर मिनिटाला एक नवी स्क्रिप्ट येऊन बसते आणि तासाभरात साठ कनेक्शन निगराणीच खाते. फाइल आधी दुसऱ्या नावाने त्याच डिरेक्टरीत लिहायची आणि मग 'एमव्ही' ने जागेवर आणायची, म्हणजे अर्धवट फाइल कोणाच्या हाती लागत नाही. जागा 'रन' डिरेक्टरीखाली घ्यायची. ती रॅममध्ये असते, त्यामुळे मशीन पुन्हा सुरू झाल्यावर कालची शिळी फाइल तिथे नसतेच. त्यासाठी टीएमपीफाइल्स-डी मध्ये एक ओळ टाकून उपडिरेक्टरी आणि तिचा मालक ठरवून ठेवावा लागतो. नाहीतर पहिल्या रिबूटनंतर डिरेक्टरीही गायब आणि स्क्रिप्टही मुकी.

ओळींची संख्या नेहमी तितकीच राहिली पाहिजे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही आणि स्क्रिप्टने ती ओळ गाळली, तर पाचवीचा आकडा चौथीच्या जागी सरकतो. मग कनेक्शनच्या आलेखात बॅकअपचं वय दिसतं, तेही कोणताही इशारा न येता. उत्तर नसेल तर त्या जागी उणे १ लिहायचं, आणि उणे १ म्हणजे 'माहीत नाही' हे केंद्रावर शिकवून ठेवायचं. शून्य कधीच लिहू नये. शून्य कनेक्शन हे खरं उत्तरही असू शकतं. डेटाबेसचा आकार बाइटमध्ये देऊ नये, मेगाबाइटमध्ये द्यावा. पुढे कोणी पूर्णांक प्रकाराने वाचायला गेलं तर २१४७४८३६४७ च्या पुढे मोजणी उलटते, म्हणजे बाइटमध्ये २ जीबीलाच.

पासवर्ड कुठे ठेवायचा? शक्यतो कुठेच नको. लिनक्सवर 'नजर' नावाचा वापरकर्ता आणि पोस्टग्रेसमध्ये त्याच नावाचा रोल (डेटाबेसमधलं खातं) केला, की युनिक्स सॉकेटवर पीअर पद्धतीने बिनापासवर्ड जोडणी होते. त्या रोलला पीजी_मॉनिटर द्यायचा (पोस्टग्रेस १० पासून तो आहे), सुपरयूजर नाही. त्याच रोलवर स्टेटमेंट_टाइमआउट ५ सेकंद लावून ठेवायचा. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर होम डिरेक्टरीतली माय-सीएनएफ फाइल, परवानगी ६००. पासवर्ड कमांडच्या ओळीत कधीच नको. 'मायएसक्यूएलॲडमिन पिंग' वरही विसंबू नये: पासवर्ड चुकला आणि प्रवेश नाकारला गेला तरी ती कमांड ० परत देते, कारण सर्व्हर जिवंत आहे एवढंच तिला सांगायचं असतं. पोस्टग्रेसचं 'पीजी_इजरेडी' तसंच. ० म्हणजे जोडण्या घेतो आहे, १ म्हणजे नाकारतो आहे (सुरू होत असेल तेव्हा), २ म्हणजे उत्तर नाही. नाव-पासवर्ड ती तपासतच नाही. म्हणून दोन वेगळ्या ओळी ठेवायच्या: एक 'इजरेडी' ची, दुसरी 'सिलेक्ट १' खरंच परत आलं का याची.

चार घड्याळं

एखादी गोष्ट 'किती वेळ सुरू आहे' हा सर्वांत साधा आकडा आणि लोक त्याच्याकडेच सर्वांत कमी पाहतात. चार वेगवेगळी वयं शेजारी मांडली की अर्ध्याहून जास्त निदान फोन न करता होतं.

पहिलं .१.३.६.१.२.१.१.३.०, म्हणजे सिसअपटाइम. नाव फसवं आहे: हे मशीनचं वय नाही, एजंटचं आहे. दुसरं .१.३.६.१.२.१.२५.१.१.०, हे मशीनचं खरं वय. दोन्ही शतांश सेकंदांत मोजतात आणि ४९७ दिवसांनी शून्यावर येतात. गावच्या सर्व्हरवर तो दिवस क्वचितच उजाडतो, पण केंद्रातल्या मशीनवर उजाडतो आणि विनाकारण धावपळ होते. तिसरं, पोस्टग्रेसचं पीजी_पोस्टमास्टर_स्टार्ट_टाइम, म्हणजे डेटाबेसची मुख्य प्रक्रिया कधी सुरू झाली. चौथं बहुतेक जण घेत नाहीत: पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी मध्ये बॅकएंड_टाइप 'चेकपॉइंटर' असलेल्या ओळीचा बॅकएंड_स्टार्ट, म्हणजे डेटा डिस्कवर उतरवणारी पोस्टग्रेसची आतली प्रक्रिया कधी सुरू झाली.

चारही वयं एकदम लहान झाली तर मशीनच बंद पडून सुरू झालं. तिसरं आणि चौथं लहान, दुसरं जुनं, तर डेटाबेस कोणीतरी बंद-चालू केला. बहुतेक वेळा तो डेबियनच्या आपोआप सुरक्षा अपडेटचा उद्योग असतो आणि वेळ पाहिली की ओळखू येतो. फक्त पहिलं लहान, तर एजंट पुन्हा सुरू झाला. एखाद्या वेळी सोडून द्या, रोज होत असेल तर लॉग पाहा.

आणि फक्त चौथं लहान झालं तर गोष्ट गंभीर आहे. कर्नलने मेमरी संपल्यामुळे पोस्टग्रेसची एक प्रक्रिया मारली, की पोस्टमास्टर स्वतः जिवंत राहतो, बाकी सगळ्या जोडण्या तोडतो, रिकव्हरी करतो आणि काही सेकंदांत पुन्हा उभा राहतो. पोस्टमास्टरचं वय बदलत नाही. 'इजरेडी' दर मिनिटाला विचारत असेल तर मधल्या वीस सेकंदांचा पत्ताही लागत नाही. काट्यावर मात्र चार-पाच पावत्या अर्ध्यात तुटतात आणि फोन येतो, "लाइन गेली होती, आली आता." चेकपॉइंटर नव्याने जन्मलेला दिसला की कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधायचं. मूळ कारण बहुधा वर्क_मेम. ती मर्यादा संपूर्ण सर्व्हरला नसते, प्रत्येक जोडणीतल्या प्रत्येक सॉर्टला वेगळी असते. मूळ ४ एमबी असते. कोणीतरी अहवाल लवकर निघावा म्हणून २५६ एमबी करतो आणि हंगामाच्या ऐन गर्दीत तीस जोडण्या एकदम अहवाल मागतात. ती जागतिक सेटिंग खाली आणून अहवालाच्या रोललाच जास्त द्यावी, आणि व्हीएम-ओव्हरकमिट_मेमरी २ करावी, म्हणजे कर्नल प्रक्रिया मारण्याऐवजी मेमरी नाकारतो आणि तेवढी एक क्वेरी पडते.

पाचवं घड्याळ मशीनच्या आतलं, मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ सेलवर चालणारं. सेल मेला आणि रात्रभर वीज नव्हती, तर सकाळी मशीन जुन्या तारखेत जागं होतं. इंटरनेट असेल तर क्रोनी ते सरळ करतो. नसेल तर पावत्या जुन्या तारखेने फाटतात, आणि त्या नंतर हिशोबातून निस्तरणं हे सर्व्हर दुरुस्त करण्यापेक्षा फार जड. तपासणी सोपी आहे: शेवटच्या पावतीची वेळ 'नाऊ' च्या पुढची असेल तर घड्याळ मागे गेलं. ही एक ओळ स्क्रिप्टमध्ये असावीच.

वीज

यूपीएसला नेटवर्क कार्ड असेल तर आरएफसी १६२८ ची फांदी, .१.३.६.१.२.१.३३, थेट विचारता येते. .३३.१.२.१.० बॅटरीची अवस्था: २ ठीक, ३ कमी, ४ संपलेली. .३३.१.२.२.० बॅटरीवर किती सेकंद झाले. .३३.१.२.३.० अंदाजे किती मिनिटं उरली. .३३.१.२.७.० बॅटरीचं तापमान. कार्ड नसेल पण यूएसबी असेल, तर एनयूटी नावाचं सॉफ्टवेअर घालून 'यूपीएससी' चं उत्तर त्याच फाइलमध्ये लिहायचं. आणि बाजारात मिळतो तसा यूएसबीही नसलेला यूपीएस असेल तर एक साधी युक्ती आहे: एखादा जुना स्विच किंवा राउटर मुद्दाम यूपीएसशिवाय, थेट भिंतीच्या सॉकेटवर ठेवायचा आणि सर्व्हरवरून त्याला पिंग करायचं. तो गप्प झाला की वीज गेली. अडगळीत पडलेल्या डब्याचा याहून चांगला उपयोग नाही.

'उरलेली मिनिटं' या आकड्यावर भरवसा ठेवू नये. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, आणि अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या ऑफिसात काय होतं ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या उन्हाळ्यानंतरची बॅटरी १८ मिनिटं दाखवते आणि चारला मान टाकते. म्हणून बंद करण्याचा निर्णय 'बॅटरी कमी' या इशाऱ्यावर सोपवू नये. बॅटरीवर सलग ५ मिनिटं झाली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद व्हावा, असं एनयूटीच्या 'यूपीएसशेड' मध्ये लावावं. बंद होताना पोस्टग्रेस 'फास्ट' पद्धतीने थांबतो का ते पाहावं. 'स्मार्ट' पद्धत प्रत्येक जोडणी आपणहून सुटण्याची वाट पाहते, आणि काट्यावरची खिडकी तर उघडीच असते. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग लागतंच, पण तेही एका ठिकाणी फसतं: मशीन बंद होत असतानाच वीज परत आली, तर यूपीएसने पुरवठा तोडलेलाच नसतो आणि मशीन बंद ते बंदच राहतं. एनयूटीचं 'किलपॉवर' यासाठीच आहे. बंद होण्याच्या शेवटी ते यूपीएसला पुरवठा तोडायला लावतं.

राउटर आणि फायबरचा ओएनटी डबा यूपीएसवर असल्याशिवाय वर लिहिलेलं सगळं आंधळं आहे. बहुतेक ठिकाणी सर्व्हर यूपीएसवर आणि हे दोघे भिंतीवर असतात. वीज गेली की सर्व्हर चालू, पण केंद्राला सगळंच अंधारलेलं. बरेच ओएनटी आणि राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस पुरतो.

उष्णतेचं एवढंच: एलएम-सेन्सर्स चालू असेल तर .१.३.६.१.४.१.२०२१.१३.१६.२.१.३ खाली तापमान मिळतं, सहस्रांश अंशांत, म्हणजे ६१००० म्हणजे ६१ अंश. जिनिंगमध्ये तापमानाचा आलेख ऋतूप्रमाणे चढला तर ठीक. पण डिसेंबरच्या थंडीत हळूहळू चढत असेल तर पंख्यात रुई अडकली आहे. कूलरचं तोंड सर्व्हरकडे करू नये, ओल्या हवेत सगळी पिनजोडणी गंजते.

डेटाबेसला काय विचारायचं

कनेक्शन. मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, म्हणजे सामान्य रोलला ९७. ८० ला इशारा. इथे एक पेच आहे: जोडण्या भरल्या की आपला 'नजर' रोलही बाहेरच राहतो. पोस्टग्रेस १६ पासून रिझर्व्हड्_कनेक्शन्स हे सेटिंग आणि पीजी_यूज_रिझर्व्हड्_कनेक्शन्स हा रोल आहे. त्यात दोन जागा राखून ठेवाव्या. जुन्या आवृत्तीत 'इजरेडी' ० आणि 'सिलेक्ट १' नापास ही जोडी दिसली की बहुतेक वेळा मर्यादाच संपलेली असते.

'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेतली सर्वांत जुनी जोडणी किती मिनिटांची, हा आकडा कनेक्शनच्या संख्येपेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो. पावतीची खिडकी अर्धी भरून माणूस चहाला जातो, प्रोग्राम लिहिणाऱ्याने ट्रान्झॅक्शन खिडकी उघडतानाच सुरू केलेलं असतं, आणि त्या शेतकऱ्याच्या खात्याची ओळ अडकून राहते. दुसऱ्या काट्यावर तेच खातं उघडलं की तिथे संगणक 'हँग'. ५ मिनिटांना इशारा, आणि आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट १० मिनिटं. सोबत पीजी_ब्लॉकिंग_पिड्स ने किती जोडण्या दुसऱ्यामुळे थांबल्या आहेत ते मोजावं.

डिस्क टक्क्यांत पाहण्यापेक्षा दिवसांत पाहावी: गेल्या सात दिवसांत रोज किती वाढली, त्या वेगाने किती दिवस उरले. ईएक्सटी४ मध्ये मूळचे ५ टक्के रूटसाठी राखीव असतात. पोस्टग्रेस रूट नाही, म्हणून त्याची डिस्क आधी भरते. ट्रान्झॅक्शन लॉगची डिरेक्टरी, पीजी_वॉल, वेगळी मोजावी. ती भरली की डेटाबेस थेट थांबतो. ती फुगण्याची नेहमीची कारणं दोन: आर्काइव्ह कमांड अपयशी होते आहे (पीजी_स्टॅट_आर्काइव्हर मधला फेल्ड_काउंट वाढतो), किंवा काढून टाकलेल्या प्रतीचा रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे तिच्यासाठी लॉग राखून ठेवणारी नोंद, तसाच राहिला आहे. दुसऱ्यासाठी आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज आहे. ते लावून टाकावं. त्याच डिस्कवर २ जीबीची एक बिनकामाची फाइल मुद्दाम ठेवावी. भरल्या दिवशी ती पुसली की हालचालीला जागा मिळते.

पीजी_स्टॅट_डेटाबेस मधला चेकसम_फेल्युअर्स हा आकडा शून्यावरून एक जरी झाला तरी रात्री फोन करावा. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी स्वस्त एसएसडीची लाज इथेच उघडी पडते. त्यासाठी चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का हे ओळखणारे पडताळणी-आकडे, चालू केलेले हवेत. आवृत्ती १८ पासून नव्या डेटाबेसमध्ये ते मुळातच चालू असतात. जुन्या डेटाबेसवर ते तपासून पाहावं. ट्रान्झॅक्शन क्रमांकांच्या वयाची, म्हणजे ते संपत येण्याची, भीती मोठ्या ठिकाणी खरी; दिवसाला काही हजार पावत्यांच्या जागी ५० कोटींना एक इशारा लावून विसरून जावं.

बॅकअपच्या बाबतीत 'झाला का' यापेक्षा 'केव्हाचा, किती मोठा, वाचता येतो का' हे विचारावं. शेवटच्या चांगल्या फाइलचं वय २६ तासांच्या वर नको. आकार कालच्या ९० टक्क्यांच्या खाली आला तर इशारा. पीजी_डंपचं उत्तर पाइपने जीझिपला देणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जुना सापळा आहे: पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो, डंप अर्ध्यात मेला तरी जीझिप यशस्वी होतं आणि स्क्रिप्ट ० परत देते. बॅशमध्ये 'पाइपफेल' चालू करावं, किंवा पीजी_डंपची कस्टम पद्धत वापरून 'पीजी_रिस्टोर' च्या 'लिस्ट' ने फाइल उघडते का ते पाहावं. लिस्ट उघडली म्हणजे आतला सगळा डेटा शाबूत आहे असं नव्हे. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर पूर्ण उतरवून पाहण्याला पर्याय नाही.

शेवटचा प्रश्न धंद्याचा: शेवटची पावती किती मिनिटांपूर्वीची? सगळे तांत्रिक आकडे हिरवे आणि पावती मात्र ४० मिनिटांत एकही नाही, असं होतं. काट्याची सीरियल केबल निघालेली असते. पण हा इशारा हंगाम ओळखणारा हवा. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास, कापूस दिवाळीनंतर, तूर जानेवारीपासून. लिलावाच्या सुट्ट्या वेगळ्या. सुट्ट्यांचं एक छोटं टेबल करून ते समितीच्या कारकुनालाच भरू द्यावं. वेळेच्या कॉलमवर इंडेक्स असल्याची खात्री करावी, नाहीतर निगराणीच दर मिनिटाला संपूर्ण टेबल वाचेल. 'नजर' रोलला त्या टेबलाऐवजी एका व्ह्यूवर वाचनाचा हक्क द्यावा. शेतकऱ्यांची नावं-खाती निगराणीला लागत नाहीत.

केंद्रापर्यंतची वाट

मोबाइल डेटावर किंवा सामाईक पत्त्याच्या जोडणीवर बाहेरून आत शिरता येत नाही. म्हणून गावच्या मशीननेच केंद्राकडे वायरगार्डचा टनेल काढायचा, पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ सेकंद. एसएनएमपीचं पोर्ट, यूडीपी १६१, फक्त त्या टनेलवर. इंटरनेटवर ते कधीच उघडं ठेवू नये, आणि 'पब्लिक' हे कम्युनिटी नाव (ते पासवर्डसारखं चालतं) पहिल्या मिनिटाला काढावं. आवृत्ती २सी मध्ये ते नाव उघड्यावर जातं. आवृत्ती ३ मध्ये शा आणि एईएस वापरून ऑथप्रिव्ह (ओळख तपासणी आणि गुप्तता दोन्ही) लावावं. वापरकर्ता बनवताना एसएनएमपीडी आधी बंद करायचा. चालू असताना त्याच्या साठवणीच्या फाइलमध्ये लिहिलेली ओळ तो थांबताना पुसून टाकतो. एका सर्व्हरची डिस्क क्लोन करून दुसरा उभा केला असेल तर दोघांचा इंजिनआयडी (एजंटची ओळख) एकच राहतो आणि केंद्र दोघांत गोंधळतं; क्लोनवर ती साठवणीची फाइल काढून वापरकर्ता नव्याने बनवावा.

कमकुवत जोडणीवर यूडीपीची पाकिटं हरवतात. नेट-एसएनएमपीची मूळची १ सेकंदाची मुदत ३ करावी आणि तीन सलग अपयशांनंतरच इशारा द्यावा. ट्रॅपवर, म्हणजे एजंटने स्वतःहून पाठवलेल्या इशाऱ्यावर, विसंबू नये. ट्रॅप पाठवला की पोचला का ते पाठवणाऱ्याला कळत नाही, आणि वीज जाताना राउटर आधी मरतो. ट्रॅप हवाच असेल तर पोचपावती मागणारा इन्फॉर्म वापरावा.

इशाऱ्यांना आई-बाप लागतात. केंद्रावर राउटरला सर्व्हरचा पालक करायचा, सर्व्हरला डेटाबेसचा. राउटर गप्प असेल तर एकच संदेश: 'गावाशी संपर्क नाही, शेवटचं उत्तर १४:०७ ला, तेव्हा यूपीएस बॅटरीवर ४ मिनिटं'. यात वीज की इंटरनेट याचं उत्तर आहे, आणि तो वाचणाऱ्याने गाडी काढायची की नाही ते ठरवता येतं. नुसतं 'होस्ट डाउन' लिहिलेल्या संदेशाने ठरत नाही. संपर्क नसताना गावातही कोणाला कळावं म्हणून सर्व्हरला एक सिमकार्डचा जीएसएम मोडेम आणि 'गामू' हा एसएमएस पाठवणारा प्रोग्राम पुरेसा. डेटाबेस पडला तर काटेवाल्याच्या मोबाइलवर मराठीत एसएमएस. युनिकोड एसएमएस ७० अक्षरांचा असतो, तेव्हा शब्द मोजून.

दसऱ्याच्या आधी प्रत्येक ठिकाणी एकदा तालीम घ्यावी. यूपीएसचा भिंतीवरचा प्लग काढा: बॅटरीचे सेकंद चढले पाहिजेत, पाच मिनिटांनी सर्व्हर नीट बंद झाला पाहिजे, प्लग लावल्यावर आपोआप उठला पाहिजे. राउटरची फायबर काढा: पालकाचा एकच संदेश आला पाहिजे. पोस्टग्रेसच्या एका जोडणीला 'किल ९' द्या: चौथं घड्याळ शून्यावर आणि बाकी तीन जागच्या जागी. स्क्रिप्टच्या क्रॉनची ओळ बंद करा: तीन मिनिटांत फाइलचं वय ओरडलं पाहिजे. मग केंद्रच बंद करा. केंद्र रोज सकाळी ९ वाजता 'दहापैकी दहा ठीक' असा संदेश पाठवत असेल, तर दुसऱ्या दिवशी ९ वाजून १० मिनिटांनी कोणीतरी तुम्हाला फोन करून विचारलं पाहिजे की आज संदेश का नाही आला.